फेस्टीला घरी बोलावलं

चर्चच्या वेदीचं वस्त्र अर्धं इस्त्री करून झालं होतं आणि अर्धं टेबलावरून खाली लोंबत होतं, तेव्हा कोलमन दारात येऊन उभा राहिला. हे वस्त्र ओलसर असतानाच करावं लागतं, नाहीतर कडेच्या लेसला चुण्या पडतात त्या पडतातच. उद्या रविवार. फादर लव्हेल बोटीतून उतरले की त्यांना सगळं तयार लागतं. म्हणून मी त्याला बस म्हटलं नाही, आणि तोही बसला नाही.

"देव या घराचं भलं करो," तो म्हणाला.

"तुझंही करो. दार लाव आधी, वारा येतोय."

दार लावून तो तिथेच उभा राहिला. टोपी हातात. माझा हा दीर गप्पा मारायला आला तर टोपी डोक्यावर असते, काही मागायला आला तर हातात. इतक्या वर्षांत मी ती त्याच्या हातात दोन-तीनदाच पाहिली असेल.

"वहिनी," तो म्हणाला, "तुला नाव परत घ्यावं लागेल."

मी इस्त्री उभी करून ठेवली. कोणाचं नाव, ते विचारायची गरज नव्हती.

माझं सासर सीलच्या कुळातलं. बेटावर हे सगळ्यांना ठाऊक आहे, शाळेतली पोरं त्यावरून चिडवतात आणि म्हातारी माणसं त्यावरून अदबीनं वागतात. नवऱ्याच्या कुठल्याशा पणज्याची बायको मुळात सील होती, बाई होऊन समुद्रातून आली होती म्हणे. मी चर्चमधली रविवारची मिस्सा न चुकवणारी बाई, मला हे पटत नाही आणि पटतं असं मी कधी म्हटलेलं नाही. पण लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं होतं की या घरातलं कोणी सीलवर हात उचलत नाही, आणि जेवणाच्या टेबलावर त्यांना सील म्हणायचं नाही, 'खडकावरची माणसं' म्हणायचं. मी तसंच म्हणत आले. पटो न पटो, सासरची रीत ती रीत.

त्यातलीच एक रीत अशी. घरातला माणूस बुडाला आणि त्याचं शरीर मिळालंच नाही, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतात्म्यांच्या आठवड्यात किनाऱ्यावर येईल त्या पहिल्या पांढऱ्या पिल्लाला त्याचं नाव द्यायचं. बुडालेल्याची टोपी पिल्लाच्या डोक्याला लावायची आणि नाव घ्यायचं, एवढंच. थडगं नसलेल्या माणसाला निदान कोणीतरी हाक मारतं. नाव भावानं द्यायचं, नाहीतर मुलानं. परत घ्यायचा हक्क मात्र आईचा किंवा बायकोचा.

माझा नवरा फेस्टी गेला त्याला येत्या मार्चात एकोणीस वर्षं होतील. शेवंडांचे पिंजरे उचलायला गेला होता. होडी सापडली, वल्हीसुद्धा सापडली. त्या सकाळी कोलमननंही बरोबर जायचं होतं, पण त्याची दाढ ठणकत होती म्हणून फेस्टीच म्हणाला, तू झोप. कोलमन तेव्हा चोवीस वर्षांचा. ती दाढ त्यानं अजून काढलेली नाही. गॉलवे शहरात जाऊन काढून ये म्हणून मी किती वेळा सांगितलं. "असू दे, वहिनी, सवय झाली," म्हणतो आणि डाव्या बाजूनं चावतो.

त्यानंतर बारा वर्षं त्या आठवड्यात आमच्या किनाऱ्यावर एकही पिल्लू आलं नाही. आधी यायची, नंतर यायची, त्या आठवड्यात नाही. कोलमन दर वर्षी आठही दिवस पहाटे किनाऱ्यावर चक्कर मारायचा. लग्न केलं नाही, शेजारच्या घरात एकटा राहिला, रविवारचं जेवण माझ्याकडे. माझी पोर लहान होती तोवर तिला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचा. बोलणं कमी. त्याच्याबद्दल सांगायचं तर लोक एवढंच सांगतील की त्यानं बांधलेली गाठ सुटत नाही.

तेराव्या वर्षी पिल्लू आलं. मृतात्म्यांच्या दिवसाच्या दुसऱ्याच सकाळी, वादळानंतर, आई नसलेलं, आणि रडणं अगदी तान्ह्या मुलासारखं. कोलमननं ते ढकलगाडीत घालून गोठ्यात नेलं आणि मला न विचारता फेस्टीची टोपी खुंटीवरून काढून नेली. मला कळलं तेव्हा नाव देऊन झालं होतं.

"माझ्या नवऱ्याचं नाव जनावराला?" मी गोठ्याच्या दारात उभी राहून म्हटलं.

"माझ्या भावाचंही आहे, वहिनी."

मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही. रविवारचं जेवणाचं ताट मात्र पाठवलं, न बोलण्याचा आणि जेवणाचा काही संबंध नसतो. फादर लव्हेलना मी कबुलीजबाबात हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सबीना, पोपना पत्र लिहू नकोस म्हणजे झालं."

रीत अशी होती की पिल्लू धडधाकट झालं की नावानं एकदा हाक मारून त्याला समुद्रात सोडायचं, आणि मग आपण त्याच्या वाटेला जायचं नाही. कोलमननं तसंच केलं असतं. पण त्याच वसंतात सिनेमावाले आले.

लहान मुलांना घेऊन घरातल्या सगळ्यांनी बघावा असा सिनेमा, असं ती लाल गमबूट घातलेली बाई म्हणाली. तीच त्यांची मुख्य. आवाज इतका हळू की जवळ जाऊन ऐकावं लागे. गोष्ट साधी होती: दीपगृहावरचा म्हातारा, त्याची नात, धुक्यात चुकलेली होडी, आणि तिला घरी आणणारा सील. सीलच्या कुळातला माणूस आणि त्याच्या गोठ्यात माणसाळलेलं पिल्लू, दोन्ही एका दारात मिळाल्यावर ती बाई कुठली हलते. कोलमननं नाही म्हणायचा प्रयत्न केला असेल, पण त्याचं नाही म्हणणं शेजारच्यालाही ऐकू जात नाही.

सिनेमात म्हातारा पाणी उपसायचा पत्र्याचा डबा होडीच्या काठावर तीनदा आपटतो आणि सील धुक्यातून येतो. हे पिल्लाला शिकवायला अकरा आठवडे लागले. ठक ठक ठक आणि एक बांगडा. परत ठक ठक ठक, परत बांगडा. इंजिन चालू ठेवून, कारण पुढे इंजिनाच्या आवाजाला त्यानं बिचकू नये. म्हाताऱ्याचं काम करणारा नट डब्लिनचा होता, डबा धरायचा तर चहाचा कप धरल्यासारखा. शेवटी जवळून दिसणारे हात कोलमनचेच घेतले. वर नटाचं तोंड, खाली आमच्या कोलमनच्या बोटांवरचे दोरीचे व्रण.

पुढच्या नाताळात त्यांनी सिनेमा बेटावर आणून चर्चच्या सभागृहात दाखवला. शेवटी सील खोल समुद्राकडे निघून जातो आणि म्हातारा हात हलवत राहतो. पोरं रडली, बाया रडल्या. माझा मामेभाऊ बार्टली रडला आणि धूर डोळ्यांत गेला म्हणाला, सभागृहात शेगडी पेटलेलीच नव्हती.

"तुझे हात छान दिसले," मी कोलमनला म्हटलं.

"नखं कापायला हवी होती," तो म्हणाला.

सिनेमातला सील निघून गेला. आमचा गेला नाही.

तो वाढला. नर सील वाढतो म्हणजे किती वाढतो हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही, दोन माणसांना एकत्र बांधलं तर तेवढा. आणि कोलमनच्या इंजिनाचा आवाज आला की तो खडकावरून निघायचा. कोलमन डबा वाजवेना, बांगडाही देईना, तरी तो यायचा. बांगडा मिळेना तेव्हा त्याला जाळी सापडली. सील जाळ्यातला मासा कसा खातो, तर पोटाकडून खातो आणि मुंडकं सोडतो. कोलमन जाळं ओढायचा तर एकामागून एक मुंडकी वर यायची, डोळे उघडे, खाली काही नाही.

सुरुवातीला धक्क्यावर सगळ्यांना याची गंमत वाटायची.

"कोलमन, परवा तुझा भाऊ माझ्याकडे जेवून गेला," बार्टली म्हणायचा. "आभार मानायलासुद्धा थांबला नाही बघ."

"स्वयंपाक बरा नसेल," कोलमन म्हणायचा.

"बरा नसता तर दुसऱ्यांदा वाढून घेतलं असतं का?"

कोलमन हसायचा, पण त्याला त्याचं लागत होतं. सील आपल्या आवाजाला येतो, तर आवाजच बंद करावा, असं त्यानं ठरवलं. बोट धक्क्याला बांधून ठेवली आणि वडिलांची डांबरी कापडाची जुनी होडी काढली. त्रेचाळिसाव्या वर्षी वल्ही मारत गळाचे मासे धरायला जाऊ लागला. सगळा उन्हाळा गेला. हातावर असे फोड आले की मी जपमाळ म्हणताना त्याच्यासाठी दहा मण्यांचं एक दशक वेगळं म्हणायचे. सील त्याच्याजवळ येईना हे खरं. पण त्याला पोट होतंच. कोलमनचं इंजिन ऐकू येईना म्हटल्यावर तो ज्याचं ऐकू येईल त्याच्या मागे जाऊ लागला. आणि बेटावर बाकीची चारही इंजिनं चालूच होती.

म्हणजे त्यानं भलं करायला जावं आणि सगळ्यांचं बुडावं असं झालं. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. त्याला कळत होतं.

मागच्या रविवारी मिस्सा झाल्यावर बार्टली चर्चच्या भिंतीशी थांबला होता. मी फुलदाण्यांतलं पाणी ओतायला बाहेर आले होते, म्हणून सगळं माझ्या कानावर पडलं. त्यानं थट्टा केली नाही तेव्हाच गोष्ट गंभीर आहे हे मला कळलं.

"परवाना आलाय," बार्टली म्हणाला. "दोन सील मारायचा. या महिन्याअखेरपर्यंतच."

कोलमन निघू लागला.

"ऐकून घे. आता खडकावर बाळंतिणी आहेत. पन्नास-साठ माद्या, अंगाखाली पिल्लं. तिथे जाऊन बंदूक चालवायची तर कोणाला लागेल सांगता येत नाही. मला नाही करायचं तसं. माझी आईसुद्धा तुझ्या आईसारखीच खडकावरची माणसं म्हणायची. पण आमच्यातले दोघं जातील, ते बघणार नाहीत कोण ते. चोर एकच आहे आणि तो कोण हे आपल्याला माहीत आहे."

"मग?"

"तो तुझ्या इंजिनाला येतो. डब्याला येतो. तू त्याला मोकळ्या पाण्यात आण, मी जवळून करतो. एका गोळीत, कोलमन. शब्द देतो. मग दुसऱ्याला हात न लावता परवाना मी चुलीत घालीन."

"आणि नाही आणलं तर?"

"तर ते दोघं, या नाही, पुढच्या मंगळवारी खडकावर जातील." बार्टलीनं टोपी घातली आणि परत काढली. "मलाही सहा वर्षं ओळख आहे त्याची. तुला काय वाटतं, मला हे आवडतंय?"

मी फुलदाण्या घेऊन आत गेले. रोजच्या नोंदींच्या माझ्या वहीत त्या दिवशी मी 'वारा नैऋत्य, मिस्सेला तेवीस माणसं' एवढंच लिहिलं आहे.

आणि आज शनिवारी कोलमन टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणत होता, नाव परत घे.

"नाव परत घेतलं की काय होईल?" मी विचारलं.

"मग तो सील. बाकीच्यांसारखा एक. फेस्टी म्हणून मी त्याला डबा वाजवू शकत नाही, वहिनी. त्याच्या नावानं हाक मारून त्याला गोळीपुढे..." त्यानं वाक्य तिथेच सोडलं. "पिल्लांच्या आयांना मरू देता येत नाही. आणि यालाही आणता येत नाही. मी आठवडाभर दोन्हीकडून मोजून बघितलं."

"मी हे मानत नाही हे तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग मी घेतलं काय, न घेतलं काय."

"तू मानत नसलीस तर तुला जड जायला नको," तो म्हणाला. टोमणा मारला नाही त्यानं. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

मला जड जात होतं. सहा वर्षांपूर्वी याच नावावरून मी भांडले होते आणि आज ते काढून घे म्हटल्यावर माझं मन होईना. खरं सांगायचं तर गेली कित्येक वर्षं संध्याकाळी कपडे काढायला अंगणात गेले की मी खडकाकडे बघते. सगळ्यात मोठं काळं डोकं दिसलं की बरं वाटतं. हे मी फादरना कधी सांगितलेलं नाही, पाप आहे की नाही ते ठरत नाही म्हणून.

मी पवित्र मरियेच्या तसबिरीकडे पाहिलं, कधी कधी ती लगेच सुचवते. आज काही सुचवलं नाही. कोलमन उभाच होता, आणि त्याची दाढ दुखत होती, गालावरून दिसत होतं.

"बारा वाजू देत," मी म्हटलं.

रेडिओवर दुपारची प्रार्थनेची घंटा झाली, आम्ही दोघांनी उभं राहून प्रार्थना म्हटली आणि बाहेर आलो. नाव परत घ्यायचं ते समुद्राकडे पाठ करून घ्यायचं असतं. दार सताड उघडं ठेवायचं, अंगणात घराकडे तोंड करून उभं राहायचं आणि माणसाला जेवायला बोलावतात तशी तीनदा हाक मारायची. नाव समुद्रातून निघून घरात येतं, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या सासूनं त्यांच्या दिराचं असंच परत घेतलं होतं.

मी उभी राहिले. समोर माझंच घर, उघडं दार, आतल्या टेबलावरून लोंबणारं वस्त्र. कोलमननं टोपी माझ्या हातात दिली. फेस्टीची होती, ती घालूनच कोलमन फिरत होता इतकी वर्षं, आणि माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

"फेस्टी," मी म्हटलं.

"मोठ्यानं, वहिनी."

"फेस्टी. जेवायला चल. फेस्टी, वाढलंय."

एवढ्या मोठ्यानं हे नाव मी एकोणीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याला हाक मारायचे तो आवाज वेगळा होता, आता म्हातारीचा निघाला. घरातून कोणी ओ दिली नाही. कोलमनचा कुत्रा तेवढा कोपऱ्यावरून धावत आला आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघत बसला. जेवायला म्हटलेलं त्याला कळतं.

मी टोपी आत नेऊन खुंटीला लावली, जिथे ती आधी होती.

"झालं?" कोलमननं विचारलं.

"झालं."

"काही वाटलं का?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलले.

तो धक्क्याकडे निघाला, आणि मलाही राहवेना म्हणून मी शाल ओढून मागोमाग गेले. बोट उन्हाळ्यापासून बांधलेली. तो तिच्यात उतरला. इंजिन चालू केलं नाही. पाणी उपसायचा डबा उचलला, सिनेमातला तोच, एका बाजूनं चेपलेला, आणि काठावर तीनदा आपटला. ठक ठक ठक.

मी देवाकडे एवढंच मागितलं की त्यानं येऊ नये. बाकी कशातच मला काही करता येण्यासारखं नव्हतं, ना खडकावरच्या पिल्लांचं, ना बार्टलीच्या जाळ्यांचं. नाव गेलं आहे तर त्यानं ओळख विसरावी, तळाशी जावं, पलीकडच्या बेटावर जावं.

पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. बंदराच्या तोंडाशी काळं डोकं वर आलं, पाण्यावर एक रेघ ओढत सरळ बोटीपाशी आलं आणि थांबलं. मिशांवरून पाणी गळत होतं. त्यानं तोंड उघडलं. बांगड्यासाठी.

कोलमनच्या हातात बांगडा नव्हता.

"नाव काढलं तरी येतोय, वहिनी," तो म्हणाला.

"तो नावाला कधी येतच नव्हता रे. डब्याला येत होता."

कोलमन ते ऐकून खाली बसला. मी बोलायला नको होतं. सील बराच वेळ तिथेच राहिला, एकदा बोटीला नाक लावलं, मग पाठीवर उलटा होऊन पोट दाखवलं, अकरा आठवडे शिकवलेलं सगळं त्यानं क्रमानं करून दाखवलं. मग वाट बघत बसला. शेवटी कोलमननं स्वतःचा हात पाण्यात सोडला, रिकामाच, आणि त्यानं तो हुंगला.

बोटीतून वर येताना तो मला म्हणाला, "एका गोळीत म्हणालाय ना बार्टली."

"शब्द दिलाय म्हणाला."

"त्याचा नेम बरा आहे. लहानपणी फेस्टीपेक्षा बरा होता." थोडं थांबून म्हणाला, "खडकापासून लांब आणायला हवा. पिल्लं आवाजाला घाबरून पाण्यात उतरतात, मग पोहता येत नाही त्यांना."

"जेवून जा," मी म्हटलं.

"येतो जाऊन."

डोकं उघडं, त्या थंडीत. टोपी मी खुंटीला लावली होती आणि ती परत मागायचं त्याच्या मनात आलं नाही, किंवा आलं असेल. मी घराकडे वळले, वस्त्र वाळून कडक झालं असणार आणि ते पुन्हा ओलं करावं लागणार होतं. कोलमन चढाच्या रस्त्यानं बार्टलीच्या घरी गेला, मंगळवारी किती वाजता इंजिन चालू करायचं ते विचारायला.